हिला जरा श्वास घेऊ दे

आता तुमच्यापासून काय लपवायचं! चहा संपायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर धीर सुटेल आणि गोष्ट पोटातच राहील. तसं हिर्डोशीत पोरासोरांना माहीत झालंय. राहिलात ते तुम्हीच.

मी निवृत्त प्राध्यापक. पुण्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र आणि भाषेचं तत्त्वज्ञान शिकवायचो. दारावरच्या पाटीवर नावाआधी 'डॉ.' आहे, त्यामुळे सुरुवातीला काही माणसं ताप दाखवायला यायची. निवृत्तीनंतर आम्ही बायकोच्या माहेरी, हिर्डोशीला, लहानसं घर बांधलं. एका भिंतीपलीकडे तिचा धाकटा भाऊ बबन आणि त्याची बायको हौसा. म्हणजे या वयात मी घरजावई झालो! गाव मला 'दाजी' म्हणतं आणि बायकोला 'आक्का'.

आणि मी तिला काय म्हणतो? तिथंच तर सगळं घोडं अडलं!

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं तिचं नवं नाव मी लिहिलं होतं. मीच निवडलेलं. अक्षरही बरं आलं होतं. पण ते नाव तोंडानं कधी उच्चारलं नाही. चारचौघांत 'ही', घरात 'अगं'. तुम्ही हसताय, पण आमच्या पिढीचे संसार 'अगं'वरच झाले हो!

यंदा पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. पुण्याला न्यावं लागलं, नाकाला नळी लागली. मी उशाशी बसून तिच्या छातीकडे बघत राहायचो. पुढचा श्वास येईपर्यंत माझा अडकलेला असायचा. बरी होऊन घरी आली, औषधंही संपली, पण जेवण काही जाईना. "कागद चावल्यासारखं लागतं हो," म्हणायची. अर्धी भाकरी ताकात कुस्करायची आणि त्यातलीही निम्मी ठेवायची. ताट उचलताना मला वाटायचं, ही अशीच थोडी थोडी संपत जाणार की काय?

शेवटी आमच्या लेकीनं, मुक्तानं, पुण्याहून एक बाटली पाठवली. फ्रान्सच्या दक्षिणेकडची लाल वाईन, तीन जातींच्या द्राक्षांचं मिश्रण. "आई मागे आमच्याकडे दोन घोट प्यायली होती ना बाबा, त्या दिवशी चवीनं जेवली होती. आणि ही महाग नाही हं, स्वस्तात मस्त आहे. उगाच कपाटात पुजून ठेवू नका, जेवणाबरोबर प्या."

मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "सर, त्यांना थोडी चालेल. तुम्ही मात्र जरा जास्त घ्या."

रविवार ठरला. गावठी कोंबडीचा रस्सा आणि नाचणीची भाकरी. ही मागं परसात चुलीपाशी होती. मी आत जाऊन बाटली फ्रिजमधून काढली, तर हात बधिर झाला! वाईन इतकी गार नको, एवढं कुठंतरी वाचलेलं. बिघडली असेल का? झाकण फिरवून उघडलं, तिला माझ्या शालीत गुंडाळून कॉटवर उशीला टेकवून ठेवलं आणि मुक्ताला फोन करायला बाहेर धावलो.

आमच्याकडे मोबाईलला रेंज येते ती फक्त ओट्याच्या टोकाला, बबनच्या भिंतीला खेटून. तीही अशी की ओरडल्याशिवाय पलीकडे पोचत नाही. भिंतीपलीकडे हौसा लसूण सोलत बसली होती. तिला मुक्ताचं काही ऐकू आलं नाही. माझं मात्र सगळं ऐकू आलं. ते असं:

"मुक्ता, ही पार गार पडलीय गं!"

"रात्रभर आडवीच होती! आत्ता हात लावला, तर बर्फ!"

"हो, शालीत गुंडाळलंय. तोंड उघडंच ठेवलंय."

"काय म्हणालीस? श्वास? बरं बरं, हिला जरा श्वास घेऊ देतो."

"छे, मामाला नाही सांगितलं! कळलं तर अख्खं गाव गोळा होईल!"

वाईन पिण्याआधी उघडून हवा लागू द्यायची, त्याला 'श्वास' म्हणतात म्हणे! फोन ठेवून वळतोय, तोच अंगणात टेम्पो! बबनचा, तांदळाची पोती वाहायचा. मागं गादी अंथरलेली. बबन उडी मारून उतरला, त्याच्यामागं हौसा, तिच्यामागं आळीतली चार-पाच माणसं.

"दाजी, कुठं हाय?"

सासुरवाडीत दारू! कळलंच यांना!

"को... कोण?"

"आता लपवू नगा. हौशीनं समदं ऐकलंय."

मी मान खाली घातली. "आत आहे. कॉटवर, शालीत."

"डाक्टरला इचारलं का?"

"तीनदा विचारलं रे बबन. थोडी चालेल म्हणाले."

"थोडीच चालंल म्हनं!" हौसानं तोंडाला पदर लावला.

"मंग बघत काय ऱ्हायलाय? उचला, भोरला न्यू!"

भोरला? तालुक्याच्या पोलिसात? म्हटलं, "बबन, एवढं मनावर घेऊ नकोस. भोरला कशाला? आज दुपारी जेवताना इथंच संपवतो. कुणाला पत्तादेखील लागणार नाही."

हौसानं असा हंबरडा फोडला की झाडावरचे कावळे उडाले.

"आगं माज्या आक्के! ह्यो मानूस तुला जेवताना संपिवतो म्हनतोय गं!"

तो आवाज ऐकून घराच्या कडेनं ही लगबगीनं आली. दोन्ही हात नाचणीच्या पिठानं भरलेले.

"काय गं हौसा? कोण गेलं?"

"तुमीच की वो आक्का!" हौसा रडतरडत म्हणाली. आणि मग तिचं तोंड उघडंच राहिलं.

बबन आत गेला. कॉटवरची शाल उचलून बाहेर आला. एका हातात शाल, दुसऱ्या हातात बाटली.

"दाजी, ही व्हय?"

"हीच," मी म्हणालो.

बायकोनं बाटलीकडे बघितलं, टेम्पोतल्या गादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि हसायला लागली. मी घाबरलो, आता खोकल्याची उबळ येणार! पण नाही आली. ओट्यावर बसून, पिठाचे हात हवेत धरून ती हसत राहिली, मध्येच छाती भरून श्वास घ्यायची आणि पुन्हा हसायची. दवाखान्यात मी ज्याची वाट बघत बसायचो ना, तो हा श्वास.

"आणि यांना डॉक्टरेट कशात मिळालीय, विचारा की!" ती बबनला म्हणाली.

"कशात वो दाजी?"

तिनंच सांगितलं. "सर्वनामांत! 'ही' म्हटलं की नेमकी कोण, यावर यांनी उशीएवढा ग्रंथ लिहिलाय!"

मग काय, आलेल्यांना उपाशी कसं धाडणार? हौसानं स्वतःच्या भाकऱ्या आणल्या, रश्शात पाणी वाढवलं. वाईन स्टीलच्या पेल्यांत घोट घोट वाटली.

"तीन द्राक्षं कालवल्यात म्हंजी?" बबननं विचारलं.

"अरे, भाजणी," ही म्हणाली. "एकट्या डाळीला चव येते का? तसंच." तिनं एक घोट घेतला, डोळे बारीक केले. "तुरट आहे. घाटातल्या करवंदांसारखी." मग भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, खाल्ला, वर आणखी एक घोट घेतला. "आता रस्सा गोडसर लागतोय बघा!"

"माला तर जांभळाचं पानी वाटतंय," हौसा म्हणाली आणि पेला पुढं केला. "वाईच आनिक द्या, नीट कळंना."

माझं लक्ष तिकडे नव्हतंच. मी हिचं ताट बघत होतो. एक भाकरी संपली. दुसरी अर्धी झाली.

"बघताय काय?" ही म्हणाली. "वाढा की!"

मी वाढलं. रस्सा ताटात कमी आणि माझ्या धोतरावर जास्त पडला, पण वाढलं.

सगळे गेले, टेम्पोही गेला. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. बाटलीत तळाशी थोडी उरली होती. ही हळूच म्हणाली, "एवढा घोळ कशानं झाला? मला नाव आहे की. एकदा तरी घ्या."

मी इकडेतिकडे बघितलं. घसा खाकरला. अहो, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत एवढा घाम फुटला नव्हता!

"सुमेधा," मी म्हणालो. पण सवय ओट्याच्या टोकाची! आवाज फोनवरचाच निघाला.

ती खाली बघून हसली. तांदळांवर नाव लिहिलं तेव्हा हसली होती, अगदी तशी.

भिंतीपलीकडे काहीतरी दाणकन आपटलं.

"आवो, उठा, उठा!" हौसा बबनला उठवत होती. "त्यो टेम्पो काढा परत! दाजी आता कुन्या सुमेधाला हाका मारत्यात!"