तिसरा ठोका

पौषातल्या पहाटे आमच्या गल्लीत अजूनही एक आंबूस वास दरवळतो, असं मला वाटतं. वाटतं एवढंच म्हणायचं, कारण तो येण्याचं आता काही कारण उरलेलं नाही. सुताला लावायची खळ पूर्वी घरोघरी चुलीवर शिजायची, तिच्या वाफेत धुकं मिसळायचं, आणि त्या कोमट, ओलसर उजेडात एकेक माग जागा व्हायचा. नागपूरच्या गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत तेव्हा वीसेक माग असतील. बाहेरच्या माणसाला तो नुसता खडखडाट वाटे. पण अंथरुणात डोळे मिटून पडलेल्या आम्हा पोरांना कुठला माग कुणाचा हे बिनचूक सांगता यायचं. आमच्या घरचा माग तर मी झोपेतही ओळखला असता, कारण तो लंगडत चालायचा.

त्या मागावर माझा थोरला भाऊ बसे. वडील गेले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि मी सात. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा आणि फणी ठोकायची, असं ते काम. लहानपणी झाडावरून पडून दादाचा डावा गुडघा कायमचा अधू झाला होता, त्यामुळे त्या पायाची पावडी किंचित उशिरा दबे. दोन ठोके लगोलग, मग अर्ध्या श्वासाएवढी उसंत, आणि मग तिसरा. त्या लंगड्या तालावर मी बाराखडी शिकलो, पाढे पाठ केले, पुढे एम. ए.ची टिपणं काढली. दादा मागावर बसला म्हणून मी पुस्तकात बसलो, इतकं ते साधं आहे, आणि इतक्या साध्या गोष्टीची जाणीव ठेवणं माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला जन्मभर जड गेलं.

पुढे हातमागाचे दिवस सरले. दादानं माग मोडून लाकूड विकलं, खड्डा बुजवला आणि बुटीबोरीतल्या एका कापड कारखान्यात बावीस वर्षं पाळ्या केल्या. छातीत सुताची कणी आणि खोकला घेऊन तो निवृत्त झाला. मी रामदासपेठेतल्या एका महाविद्यालयात शिकवत राहिलो. घर तेच, अंगण एक, दोन खोल्या दादा-वहिनींच्या आणि दोन माझ्या, मध्ये एक भिंत. माग गेला तरी दादाचा हात काही गप्प बसेना. रोज सहाच्या सुमारास तो त्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकायचा: दोन लगोलग, उसंत, तिसरा. म्हणजे उठ, चहा झाला. मी इकडून एकदा ठोकायचो. म्हणजे आलो. गुडघ्यातली लंगड त्याच्या हातात कशी उतरली होती कोण जाणे.

माझी बायको गेली तेव्हा आमची मुलगी मुग्धा चार वर्षांची होती. वहिनींना मूल नव्हतं. त्या दिवसापासून मुग्धा भिंतीच्या पलीकडे वाढली, वहिनींना मोठी आई आणि दादाला मोठे बाबा म्हणू लागली, आणि मी नावापुरता बाप राहिलो, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. लग्न होऊन ती कॅनडातल्या एका बर्फाळ गावी गेली. पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. दुसऱ्या खेपेला ती फोनवर रडायची नाही. नुसती गप्प राहायची, आणि ते ऐकत राहणं फार कठीण होतं. वहिनी आणि मी, दोघांनी जायचं ठरलं. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला, डिंकाचे लाडू वळले, बाळाची झबली शिवली. रोगाच्या दोन लाटा ओसरल्या होत्या, तिसरी म्हणे नुसती सर्दी होती. लोक पुन्हा लग्नांना जाऊ लागले होते.

आणि निघायला सहा दिवस उरले असताना दादाला ताप आला.

तपासणीचा निकाल आला तेव्हा संक्रांत जवळ होती, शेजारच्या घरातून तीळ भाजल्याचा खमंग वास येत होता. वहिनींनी काही चर्चा केली नाही. बॅगेतले आपले कपडे काढून परत कपाटात ठेवले, लाडूंचा डबा माझ्या बॅगेत घातला आणि त्या दादाच्या खोलीत गेल्या, त्या गेल्याच. डॉक्टर फोनवर म्हणाले, तुम्ही वेगळ्या खोलीत राहा. तर म्हणाल्या, चाळीस वर्षं ज्या माणसाच्या उशाशी झोपले त्याच्यापासून आता कुठं वेगळी होऊ. प्रश्न माझा होता. मला विमानात बसायचं तर माझी तपासणी निर्दोष यायला हवी होती, म्हणजे भिंतीपलीकडे पाऊल टाकायची सोय नव्हती. मी उंबऱ्यावर डबा ठेवायचो, मागे सरायचो. पाच दिवस मी माझ्या भावाचं तोंड पाहिलं नाही. त्याला जपण्यासाठी नाही, तिकीट जपण्यासाठी.

जाऊ की नको, हा विचार त्या दिवसांत माझ्या खोलीत पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला होता. अंगणात कोवळं ऊन यायचं, तुळशीची पानं थंडीनं काळवंडलेली, आणि मी येरझारा घालायचो. माणसाच्या दुःखावर मला पन्नास मिनिटांचा तास घेता येतो, प्रश्नोत्तरांसह. पण स्वतःच्या घरातलं साधं हो किंवा नाही ठरवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला जायचं होतं. मुलीसाठी जायचं होतं, आणि एकदा तरी तिचा बाप व्हायचं होतं, जे काम मी आजवर दुसऱ्यांकडून करवून घेतलं होतं. न जाणं हे त्या मुलीला पुन्हा एकदा भिंतीपलीकडे सोडून देणं होतं. आणि जाणं म्हणजे काय, ते मी मनात नीट उच्चारतही नव्हतो.

तिसऱ्या दिवशी दादा खिडकीतून बोलला. मी अंगणात होतो, तो आत पलंगावर. दिसत नव्हता, नुसता आवाज, आणि त्या आवाजाखाली छातीतली घरघर.

"तू जा गा, वसंता. पोरगी तिकडं वाट पाहून राहिली. मी काय इथून कुठं पळून चाललो का?"

मी म्हटलं, पाहू. तो म्हणाला, पाहू नको, जा. मग खोकल्याची उबळ आली आणि वहिनींनी खिडकी लावून घेतली. ऑक्सिजनचा आकडा विचारला की त्या आतूनच सांगायच्या, पंच्याण्णव. सकाळी पंच्याण्णव, संध्याकाळी पंच्याण्णव. इतका स्थिर आकडा ऐकून मला दिलासा वाटायचा.

शेवटी मी एक पळवाट काढली. स्वतःशी ठरवलं, सकाळी भिंत वाजली तर जायचं, नाही वाजली तर बॅग उघडायची. निर्णय भिंतीवर सोपवला की माणूस मोकळा होतो. पहिले तीन दिवस ठोके येत होते, क्षीण, पण त्याचेच. दोन, उसंत, तिसरा. चौथ्या दिवशी सहा वाजले, साडेसहा झाले, सात वाजले. उशी पोटाशी धरून मी नुसता कान देऊन पडलो होतो. साडेसात वाजता भिंत वाजली. एक, दोन, तीन. सरळ. एकसारखे, ठणठणीत, मध्ये कुठंही न अडखळता.

मला तो फरक ऐकू आला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं याच एका वाक्यावर उभं आहे. वीस मागांतून आपला माग ओळखणारं पोर होतो मी. साठीतही कान शाबूत होते. फरक ऐकू आला आणि मला आनंद झाला. वाटलं, दादाला बरं वाटतंय, हातात जोर आला, आज ती जुनी लंगडही राहिली नाही. पाचव्या दिवशी पुन्हा तसेच तीन सरळ ठोके. मी इकडून एकदा ठोकलं, उठलो, दाढी केली आणि बॅगेला कुलूप लावलं.

दुपारी निघालो. वहिनी तोंडाला पदर आणि वर मास्क लावून दारापर्यंत आल्या, स्टुलावर दह्याची वाटी ठेवून चार पावलं मागे सरल्या. मी दही खाल्लं. त्या माझ्याकडे फार वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, मुग्धाकडे जाता येत नाही म्हणून त्यांना वाईट वाटतंय. "पोरीले सांगा, मोठी आई ठीक आहे," एवढंच म्हणाल्या. दादाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं ते फार नंतर. खिडकी बंद होती. मी तिच्याकडे पाहून हात जोडले आणि गाडीत बसलो.

माझी गाडी वर्धा रोडला लागून तास झाला असेल नसेल, तेव्हा आमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स आली. शेजाऱ्यांनी दादाला खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं. दोन दिवसांपासून तो दवाखान्यात जायला तयार नव्हता. वसंता गेल्यावर पाहू, असं म्हणत होता. कॅनडात उतरून मी फोन सुरू केला आणि दादा गेल्याचा शेजाऱ्यांचा निरोप वाचला. सामान फिरत्या पट्ट्यावरून येत होतं. माझी बॅग माझ्यासमोरून दोनदा गेली आणि मला ती उचलता आली नाही.

नऊ दिवस मी मुग्धाला काही सांगितलं नाही. तिच्यासाठी मऊ भात केला, लाडू खाऊ घातले, ती मोठ्या बाबांना फोन लावायला म्हणाली की झोपले असतील म्हणालो. मुलगा झाला. सुखरूप झाला. त्याला हातात घेतलं तेव्हा मी रडलो, आणि सगळ्यांना वाटलं आनंदाचं रडणं आहे. होतंही. खोलीबाहेर बर्फ पडत होता, आणि ज्याच्यामुळे मी तिथं उभा होतो त्याला अग्नी देऊन आठवडा झाला होता.

चैत्रात परत आलो. नागपूर तापायला लागलं होतं, अंगणात कडुनिंबाचा मोहोर सांडून त्याचा गोडसर, कडवट वास भरून राहिला होता. वहिनी वाळल्या होत्या. त्यांनी बाळाचे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले, त्याचे कान मुग्धासारखे आहेत म्हणाल्या. दादाबद्दल दोघंही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली आणि अर्धवट झोपेत, इतक्या वर्षांच्या सवयीनं, माझा हात भिंतीकडे गेला. मी एकदा ठोकलं. ठोकल्यावर भान आलं, आणि हात पोळल्यासारखा मागे घेतला.

पलीकडून उत्तर आलं. एक, दोन, तीन. सरळ. एकसारखे.

मी तसाच उठून पलीकडे गेलो. वहिनी भिंतीशी बसल्या होत्या, मांडीवर तांदळाचं ताट. मी दारातच उभा राहिलो. काय विचारायचं ते मला विचारावं लागलं नाही.

"चौथ्या दिवसापासून त्यांचा हातच उचलत नव्हता, भाऊजी. मले म्हणे, तू वाजव. भिंत नाही वाजली, तर तो जाणार नाही." त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग खाली पाहूनच म्हणाल्या, "मी वाजवलं. त्यांचा शब्द कसा मोडू? पण त्यांच्यासारखं नाही वाजवलं. मले वाटलं, तुम्ही ओळखाल."

त्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला काही तरी म्हणता आलं असतं. माग मोडण्याआधीची कितीतरी वर्षं या बाईनं दादासाठी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरल्या होत्या. स्वयंपाकघरात बसून, मागाच्या नुसत्या आवाजावरून, धागा तुटला की कांडी संपली हे तिला कळायचं, आणि दादानं हाक मारायच्या आत ती उठलेली असायची. त्या लंगड्या ठोक्याची नक्कल तिला जमली नसती, असं कुणी म्हणू नये. तिनं ती केली नाही. त्या बंद खोलीतून, बुडत्या माणसाच्या उशाशी बसून, शब्द न मोडता मला थांबवायचा तेवढा एकच मार्ग तिच्या हाती होता, आणि तो तिनं दोन सकाळी भिंतीवर ठोकून पाहिला.

आता माझ्या बाजूचं बोलायची वेळ होती. नाही ओळखलं, वहिनी, चुकलो, असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं. मी ऐकलं होतं. ऐकून मला जसं हवं तसं लावून घेतलं होतं, कारण बॅग भरलेली होती. थांबलो असतो तर दादा वाचला असता का, मुग्धा तिथं एकटी कशी निभावली असती, यांची उत्तरं मला माहीत नाहीत आणि माहीत करून घेण्याचं धैर्यही नाही. मी एवढंच विचारलं, चहा ठेवू का. त्या हो म्हणाल्या. मी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता भिंत वाजली. दोन ठोके लगोलग आले, आणि मग उसंत. अर्ध्या श्वासाएवढी, अगदी तेवढीच, ना कमी ना जास्त. मग तिसरा.

त्यानंतर रोज तो तसाच येतो. रोज त्या उसंतीत मी ठरवतो की आज जाऊन सांगायचं, वहिनी, मला ऐकू आलं होतं. मग तिसरा ठोका पडतो, मी इकडून एकदा ठोकतो, आणि पलीकडे जाऊन चहा घेतो.