मिरचीच्या गोडाऊनवरची मुलाखत

मोरिता-सान चौथ्यांदा शिंकले आणि त्यांनी माझी माफी मागितली. पाचव्यांदा शिंकले तेव्हा त्यांनी माझी विद्यार्थिनी सुवर्णा हिच्या वडिलांची माफी मागितली. सुवर्णाचे वडील मल्लाप्पा, त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, लोडाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "त्यात माफी कसली? हितं समदीच शिंकत्यात. दोन दिवस ऱ्हावा म्हणावं, सवय हुईल."

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. गडहिंग्लजमध्ये अण्णांचं घर वरच्या मजल्यावर आणि खाली त्यांचं मिरचीचं गोडाऊन. खाली बायका मिरचीचे देठ खुडत बसलेल्या. त्यांचं बोलणं आणि मिरचीची धूळ, दोन्ही जिन्यानं वर येत होतं. मोरिता-सान काळ्या सुटात, टाय घालून, डोळ्यांतून पाणी गाळत गादीवर मांडी घालून बसले होते. 'सान' म्हणजे आपल्याकडचं 'राव' किंवा 'ताई'. जपानीत ते सगळ्यांनाच लावतात.

मोरिता-सान टोकियोतल्या एका भाषाशाळेत प्रवेशाचं काम बघायचे. जपानमध्ये पुढं कॉलेज किंवा नोकरी करायची तर आधी भाषा पक्की करावी लागते. त्यासाठी परदेशी मुलांच्या वेगळ्या शाळा असतात. मी कोल्हापुरात राजारामपुरीत जपानी शिकवत होते. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, एक फळा आणि बारा खुर्च्या. त्यातल्या दोन मोडक्या.

त्याआधी, नव्वदच्या दशकात, मी स्वतः अशाच एका शाळेत दोन वर्षं काढली होती. सकाळी वर्ग, दुपारी डबे भरायच्या दुकानात पार्टटाइम काम. वर्गात कोणी इंग्रजी बोललं की आमच्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, ऐकूच आलं नाही असं दाखवायच्या. पहिला महिनाभर मी फक्त 'वाकारिमासेन' म्हणाले. म्हणजे 'समजलं नाही'. पण ते इतकं झोकात म्हणायचे की समोरच्याला वाटायचं हिला सगळं समजतंय. शेजारी एक कोरियन मुलगी बसायची. आम्हा दोघींना मिळून पन्नास शब्द येत होते आणि तेवढ्यात आम्ही दिवसभर खिदळायचो. ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली फार सुखाची होती. म्हणून सुवर्णानं जावं असं मला मनापासून वाटत होतं. त्या वाटण्यानंच पुढचा घोळ केला.

सुवर्णा बी. कॉम. झालेली. आठवड्यातून तीनदा एसटीनं कोल्हापूरला यायची, दोन तास येताना, दोन तास जाताना. एसटीतच पाठांतर करायची. शेजारच्या बायकांना जपानीत 'जरा सरकता का' म्हणायची आणि त्या सरकायच्या, असं ती मला अभिमानानं सांगायची. वर्गात मात्र फार बोलायची नाही. चूक होईल म्हणून तोंड मिटून बसायची. पेपरात पहिली, तोंडी परीक्षेत शेवटून दुसरी.

मोरिता-सानांना तिचे मार्क ठीक वाटले होते. त्यांची अडचण वेगळी होती. आदल्या वर्षी त्यांच्या शाळेतली काही मुलं तीन-चार महिन्यांतच घरी परतली होती. घरच्यांचं मन नव्हतं, रोज फोनवर रडारड. मुलं अशी मधेच गेली की व्हिसाच्या ऑफिसात शाळेचं नाव खराब होतं आणि पुढच्या मुलांचे अर्ज अडतात. म्हणून त्या वर्षी त्यांनी ठरवलं होतं, घरी जाऊन आईवडिलांशी बोलायचं. त्यांचं समाधान झालं तरच अर्ज पुढं जाणार.

मी अण्णांना आधीच फोन करून सांगून ठेवलं होतं. "अण्णा, फार बोलू नका. मुलीवर विश्वास आहे, आमची परवानगी आहे, एवढंच म्हणा."

"बरं," अण्णा म्हणाले होते.

अण्णांच्या 'बरं'चा अर्थ 'ऐकलं' असा होतो, 'करीन' असा होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मोरिता-सानांनी वही उघडली. दुभाषी मीच. दुभाष्याचं काम म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणं. त्यात आपलं घालायचं नाही, त्यांचं गाळायचं नाही.

"मुलीला जपानला का पाठवताय?" पहिला प्रश्न.

"मी कुठं पाठवतोय?" अण्णा म्हणाले. "तीच निघालीया. मी नको म्हटलं तर जेवंना झाली."

आता एक सांगायला हवं. जपानीत तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. तशी वेळ आली की 'चोत्तो' म्हणतात, म्हणजे 'जरा', आणि वाक्य अर्धवट सोडून देतात. समोरच्यानं समजून घ्यायचं. कोल्हापूर जिल्ह्यात अर्धवट सोडलेलं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. अण्णांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं तर मोरिता-सान वही मिटतील, अशी मला भीती वाटली.

म्हणून मी जपानीत म्हणाले, "वडील मुलीच्या इच्छेचा आदर करतात."

मोरिता-सानांनी लिहून घेतलं. सुवर्णानं माझ्याकडं चमकून पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं.

"शिक्षणानंतर मुलीनं काय करावं असं वाटतं?"

"लगीन," अण्णा म्हणाले. "आनि काय?"

मी म्हणाले, "तिचं आयुष्य सुखाचं व्हावं, अशी त्यांची इच्छा आहे."

एवढ्या एका शब्दाचं एवढं लांब वाक्य कसं झालं, हे मोरिता-सानांच्याही मनात आलं असावं. त्यांनी पेन थांबवून एकदा अण्णांकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. मग शिंकले. मला त्या शिंकेचा आधार वाटला.

तेवढ्यात सुवर्णाची आई दारातून डोकावली. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, बोलण्यात कानडी मिसळलेली. "पावण्यांचं ऊटा करू का? भाकऱ्या गरम हायत," त्यांनी विचारलं. ऊटा म्हणजे जेवण. अण्णा म्हणाले, "थांब की जरा, परीक्षा चाललीया माझी."

मग मोरिता-सानांनी वही बाजूला ठेवली आणि तिसरा प्रश्न विचारला. "तिकडं पहिले तीन महिने फार जड जातात. भाषा कळत नाही, काम असतं, खोलीत एकटं राहावं लागतं. मुलीनं रडत फोन केला, तर तुम्ही तिला काय सांगाल?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. अण्णांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"काय सांगणार? पयल्या इमानानं घरला ये म्हणणार. मला पोरगी जास्त का जपान?"

मी घसा साफ केला. वर्षभराची मेहनत एका वाक्यात मातीत जाणार होती. मी शांतपणे म्हणाले, "वडील म्हणतात, मी तिला धीर देईन. चिकाटी सोडू नकोस असं सांगेन."

"सेन्सेई, चिगाइमास."

आवाज सुवर्णाचा होता. 'चिगाइमास' म्हणजे 'तसं नाहीये'. जपानी विद्यार्थी आपल्या सेन्सेईला हे असं चारचौघांत म्हणत नाही. माझे कान तापले.

सुवर्णा उभीच राहिली, वर्गात राहायची तशी. मोरिता-सानांकडं बघून ती जपानीत बोलू लागली. वाक्यं तुटक होती, पण थांबत नव्हती. "माझे वडील असं म्हणाले नाहीत. वडील म्हणाले, लगेच घरी ये. जपानपेक्षा मुलगी मोठी आहे. आधीचंही वेगळं होतं. ते मला पाठवत नाहीत. मी जाते आहे. मी दोन दिवस जेवले नाही. ते वाईट केलं. पण मला शिकायचं आहे."

"मग रडू आलं तर काय करशील?" मोरिता-सानांनी तिला थेट विचारलं. मला नव्हे.

जपानीत 'अमुक करून झाल्यावर तमुक' म्हणायला क्रियापदाला 'ते कारा' जोडतात. हा धडा तिला महिनाभर नीट येत नव्हता. दर वेळी चुकायची.

"नाइते कारा, देन्वा शिमास," ती म्हणाली.

रडून झाल्यावर फोन करीन.

व्याकरण बिनचूक होतं. मी मास्तरीण आहे, माझी लाज, माझी भीती सगळं बाजूला राहिलं आणि माझ्या तोंडून मोठ्यानं "शाब्बास!" निघून गेलं. मराठीत.

मोरिता-सान हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं वळून अतिशय नम्रपणे, म्हणजे जपानीत रागावतात तितक्या नम्रपणे, म्हटलं, "सेन्सेई, कृपा करून पहिल्यापासून पुन्हा सांगाल का? वडील म्हणाले तसंच."

मी सांगितलं. जेवण सोडल्याचं, लग्नाचं, पहिल्या विमानाचं, सगळं. मोरिता-सानांनी आधीचं लिहिलेलं एका रेघेनं खोडलं आणि नवीन लिहून घेतलं.

इकडं अण्णा अस्वस्थ झाले होते. "मॅडम, काय झालं? पोर काय बोलली एवढं?"

मी सांगायच्या आत सुवर्णानंच सांगितलं. अण्णा ऐकत राहिले. तिनं त्यांचं बोलणं खरं-खरं सांगितलं याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. त्यांना भलतंच काही वाटत होतं.

"म्हंजे तू आत्ता त्येंच्या भाषेत बोललीस?"

"व्हय अण्णा."

"आनि त्येस्नी कळलं?"

"कळलं की."

अण्णांनी दाराकडं तोंड करून हाक मारली, "अगं ए, हिकडं ये! पोरगी जपानी मानसासंगं बोलाय लागलीया!" सुवर्णाची आई हाताला पीठ घेऊनच आली. जिन्यात खालच्या दोन-तीन बायकाही येऊन उभ्या राहिल्या. वर्षभर एसटीनं पोरगी कशाला जाते, हे त्या घरात पहिल्यांदाच दिसत होतं. अण्णांना वाटायचं, क्लास म्हणजे लग्न ठरेपर्यंतचा टाइमपास.

मग अण्णा लोड सोडून पुढं सरकले. "मॅडम, आता माझा एक प्रश्न इचारा त्येस्नी. आनि जसाच्या तसा इचारा. तुमची पोरगी आसती तर एवढ्या लांब धाडली आसती का?"

मी जसाच्या तसा विचारला. चोत्तो नाही, बित्तो नाही.

मोरिता-सानांनी रुमालानं डोळे पुसले. मिरचीमुळंच. "माझी मुलगी ओसाकाला शिकते," ते म्हणाले. "टोकियोहून ट्रेननं तीन तास. मी तिला रोज फोन करतो. ती उचलत नाही."

मी सांगितलं. अण्णा मांडीवर थाप मारून हसले. "म्हंजे तिकडं बी तसंच हाय की!"

त्यानंतर मुलाखत अशी राहिलीच नाही. ताटं आली. भाकरी, भरलं वांगं, शेंगांची चटणी. मोरिता-सान टाय सोडून जेवले. अण्णा सुवर्णाला सांगायचे, "इचार की, दही घेनार का?" आणि ती विचारायची. सगळ्या जेवणभर त्यांनी तिला दुसरं काही करू दिलं नाही. भाकरी कशी करतात, गूळ कसा होतो, मिरचीतली तिखट कुठली आणि नुसती रंगाची कुठली, सगळं तिला जपानीत सांगायला लावलं. जिथं शब्द अडायचा तिथं ती हातवारे करायची. चूक झाली तर आता थांबत नव्हती. मला कोणी काही विचारलं नाही. मी वांगं दोनदा घेतलं.

निघताना संमतीपत्राचा विषय निघाला. पालकांसाठी मी एक छान पत्र टाइप करून आणलं होतं. विश्वास, आशीर्वाद, चिकाटी, सगळं त्यात होतं. मोरिता-सानांनी ते वाचून मला परत दिलं. "अशी पत्रं माझ्याकडं कपाटभर आहेत," ते म्हणाले. "सगळ्यांतली मुलगी चिकाटीची असते. वडिलांनी स्वतः सांगावं, मुलीनं भाषांतर करावं."

अण्णांनी उभ्या उभ्याच सांगितलं. "लिव. माजी पोरगी येतीया. मला करमनार न्हाय. पर तिला येतंय, ह्ये मी डोळ्यांनी बघितलंय. तवा जाऊ दे."

'करमत नाही'ला जपानीत नेमका शब्द नाही. सुवर्णा बराच वेळ पेन चावत बसली. शेवटी तिनं लिहिलं, 'ती गेल्यावर घर मोठं होईल.' मी सुचवलं नव्हतं. मला सुचलंही नसतं.

फेब्रुवारीत कुरियर आलं. आत जपानच्या इमिग्रेशन ऑफिसचं पात्रतेचं प्रमाणपत्र होतं. हे आलं की व्हिसाचं बहुतेक काम झालं असं समजायचं. त्याच दिवशी अण्णा स्वतः राजारामपुरीत आले, जिना चढून. वर्गातल्या सगळ्यांना त्यांनी पेढे दिले आणि फळ्याजवळ उभं राहून माझ्या बाकीच्या मुलांना दम दिला, "तोंड मिटून शिकू नगा. बोला!" मी हेच दोन वर्षं सांगत होते. त्यांनी सांगितल्यावर मुलांनी ऐकलं.

सुवर्णा एप्रिलमध्ये गेली. दोन वर्षांची शाळा पुरी केली, मग तिथंच एका कंपनीत लागली. मधेच परत आली नाही. अण्णांनी बोलावलं नाही असं नाही. ती सांगते, ते दर रविवारी बोलवायचे.

पुढच्या वर्षी मोरिता-सानांचं पत्र आलं. कोल्हापुरातून आणखी विद्यार्थी पाठवा, घरी भेटायला मी येईन. खाली एक अट होती. पालकांच्या मुलाखतीत दुभाष्याचं काम विद्यार्थ्यानंच करावं. सेन्सेईंनी शेजारी बसून चहा घ्यावा.

तेव्हापासून मी तो नियम पाळते. माझ्या वर्गाचा निकाल सुधारला आहे आणि चहा बहुतेक घरी चांगला असतो.