निशाणी सायकल

बाबांचे गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी चालणं कमी करायला सांगितलं, सायकलला मात्र हरकत नाही म्हणाले. शेजारीपाजारी हसले. पण खरंच तसं होतं. फाटकापर्यंत भिंत धरत जाणारा माणूस सायकलवर बसला की सरळ व्हायचा. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि मी दिवसभर शाळेत शिकवायला. दहिवलीहून कर्जतच्या बाजारात जायचं, भाजी स्वतः निवडायची, टपरीवर बसून गावाची उणीदुणी काढायची आणि परत यायचं, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. आणि ते सगळं सायकलवर होतं.

मध्यंतरी रस्त्यावर टेंपो, डंपर आणि सुट्टीला फार्महाउसच्या गाड्या इतक्या वाढल्या की मीच त्यांना बाहेर पडू देईना. मग नगरपरिषदेने रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वेगळी पट्टी आखली. लाल रंग, त्यावर ठिकठिकाणी पांढरी सायकल, शिवाय निळे बोर्ड. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण पट्टी टिकली. भाजीवाल्या बाया, शाळेतली मुलं तिच्यावरूनच जाऊ लागली, आणि बाबाही रोज निघू लागले. नगरपरिषदेबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाही, पण तेव्हा बोलावं लागलं.

मग निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातल्या एका अपक्षाला निशाणी मिळाली सायकल. समोरच्याने लगेच तक्रार केली की सरकारी रस्त्यावर ह्याचा फुकट प्रचार चाललाय. आचारसंहिता म्हणजे आचारसंहिता. माणसं आली, रस्त्यावरच्या झाडून सगळ्या सायकलींवर काळा रंग फासला, बोर्डांना गोणपाट बांधलं.

बाबांनी रंगवणाऱ्याला विचारलं, "आता माजी सायकल पन झाकू का रं?"

"तिचं नाय सांगितलं अजून, काका," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

चित्रं गेली तसा पट्टीचा अर्थही गेला. एक टेंपो लागला, त्याला बघून दुसरा. हटकलं तर म्हणायचे, "कुठं लिवलंय?" लिहिलेलं खरंच कुठे नव्हतं. मी नगरपरिषदेत गेले. तिथल्या साहेबांनी चहा मागवला आणि निकाल लागेपर्यंत थांबायला सांगितलं. तेच मी घरी येऊन बाबांना सांगितलं.

"भाजी काय निकालापर्यंत थांबते गं?" असं म्हणून ते निघून गेले.

उभ्या टेंपोला वळसा घालायला ते रस्त्यावर आले आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलचा आरसा त्यांच्या हँडलला लागला. हाड मोडलं नाही. खरचटलं, मुका मार बसला. मोटारसायकलवाला स्वतः त्यांना घरी सोडून गेला, जाताना सारखा सॉरी म्हणत होता. मी आंबेहळदीचा लेप लावला. मला राग यायला हवा होता, पण आणायचा कुणावर? तक्रार करणारा नियमाने वागला, रंग फासणाराही नियमाने, आणि टेंपोवाल्याला तर कुणी मना केलंच नव्हतं. दात काढण्याआधी गाल बधिर होतो, तशी मी आतून झाले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, भागाकार शिकवला.

अपक्ष पडला. वरातीमागून घोडं यावं तसे रंगवणारे पुन्हा आले. आधीपेक्षा मोठ्या सायकली काढल्या, टेंपो हलवले, कडेने खांबही रोवले. काम चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. मी बाबांच्या सायकलीत हवा भरून आणली आणि त्यांना म्हटलं, "पट्टी मोकळी झालीय. येताय बघायला?"

"तू बगितलीस ना," ते म्हणाले. टीव्ही चालू होता, पण तोही ते बघत नव्हते.

"मग भाजी कुठली आणू?"

"कुठली पन आन."

मी दुधी आणला. दुधीला ते जन्मभर आजाऱ्याचं जेवण म्हणत आले होते. आईने कधी केलाच तर ताट सरकवून उठायचे. मी तो मुद्दाम आणला, निदान त्यावरून तरी भांडतील म्हणून. त्यांनी सगळा खाल्ला, ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चांगला झालता."