रामभाऊंच्या पायरीवरचं पोतं

रामभाऊ रामटेके स्वतःच दुकानातून आणलेलं दूधसुद्धा हुंगल्याशिवाय चहात घालत नसत. अशा भंडाऱ्याच्या माणसाला नशिबानं नेऊन टाकलं लुइझियानातल्या एका चिमुकल्या गावात, जिथं लोक दाराला कुलूपही लावत नाहीत. लाकडी सज्जांची जुनी दुकानं, ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या शेवाळाच्या जटा, ओट्यावर फ्रेंच बोलत बसलेले म्हातारे. लांबलांबून पर्यटक हे बघायला यायचे. रामभाऊ मात्र दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचे आणि संध्याकाळी लोकांचे हेतू.

शुभाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गाव मानवलं होतं. मागच्या अंगणात त्यांनी कोंबड्याही पाळल्या होत्या. पण दूरच्या पार्सिपनी शहरातून शुभाताईंचा भाऊ राजीव फोनवर फोन करी: इकडे या, आपली माणसं आहेत, लॅबमध्ये जागा आहे. त्या मंगळवारी संध्याकाळी त्याला शेवटचं उत्तर द्यायचं होतं. रामभाऊंचा होकार जवळजवळ ठरलेला होता. शुभाताईंचा जीव त्यामुळे टांगणीला.

होकाराचं कारण होतं पोतं. जानेवारीपासून कुणीतरी पायरीवर पोतं ठेवून जाई, आणि ते हलत असे. आत जिवंत क्रॉफिश, झिंगा आणि खेकडा यांच्यामधलं प्रकरण. ना नाव, ना निरोप. शुभाताई म्हणाल्या, रस्सा करू. रामभाऊ म्हणाले, फुकट कोण देतं? आणि त्यांनी सगळे घरामागच्या चरात सोडून दिले. आठवड्यानं पुन्हा पोतं. पुन्हा चर. आपल्याला हुसकावायचा हा डाव आहे, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

आणि मंगळवारी सकाळी दारात घोडे आले. वर माणसं: ठिगळाठिगळांचे कपडे, तोंडावर जाळीचे मुखवटे, डोक्यावर उंच टोकदार टोप्या. अमेरिकेत पूर्वी तसल्या टोप्या घालून गोऱ्यांच्या टोळ्या काळ्यांची घरं जाळायला जात, हे रामभाऊंनी वाचलेलं होतं. एकट्या म्होरक्याचं तोंड उघडं होतं. हातात पांढरं निशाण घेऊन तो अदबीनं म्हणाला, आज मार्डी ग्राचा सण. एक जिवंत कोंबडी द्या, गावाच्या गम्बोत, म्हणजे सगळ्यांच्या रश्शात, घालू, संध्याकाळी जेवायला या.

रामभाऊंनी दार लावून कडी घातली.

"तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा मागायला यायची, तेव्हा कडी घालायचात का हो?" शुभाताईंनी विचारलं.

"तिथं कुणाचं पोर, ते माहीत असायचं."

"मग इथंही विचारा की. नाहीतर पार्सिपनीत दुसरं दार, दुसरी कडी."

हे लागलं. रामभाऊ बाहेर आले, पण पायरी सोडली नाही. घोड्यांवरून उतरून, गुडघे टेकून हात पसरणाऱ्या त्या सोंगांना ते रक्ताच्या नमुन्यासारखं निरखत राहिले. एकाच्या पांढऱ्या रबरी बुटाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. तो बूट ते रोज कुंपणापलीकडे, शेजाऱ्याच्या पायात बघत.

"क्लोव्हिस?"

सोंगानं बूट झटकन मागे लपवला.

"पोतं तूच ठेवतोस?"

मुखवट्याआड हसू फुटलं. "पोतं नाही, मिस्टर राम. पोती. चर माझ्या शेतातनं जातो. तुम्ही सोडता, मी पुन्हा धरतो, पुन्हा आणून देतो. आता ते बिचारे तुम्हाला ओळखायला लागलेत."

घोडेसुद्धा हसल्यासारखे फुरफुरले. रामभाऊ आत गेले आणि फ्रीजरमधली साफ केलेली, पिशवीत बांधलेली कोंबडी घेऊन आले. म्होरक्यानं मान हलवली: पळायला हवी. तेवढ्यात शुभाताईंनी मागून तांबडी कोंबडी हवेत भिरकावली. सगळी सोंगं चिखलात कोसळली, आणि कोंबडी नेमकी रामभाऊंच्या पायांतून निसटली. ते तिच्यामागे का धावले, हे त्यांना आजही नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी गावाच्या गम्बोची वाटी त्यांनी हुंगली, चमच्यानं ढवळली, तांबडीचा तुकडा कुठला म्हणून क्लोव्हिसची उलटतपासणी घेतली. मग दुसरी वाटी मागितली.

घरी येऊन राजीवला फोन केला. म्हणाले, सध्या जमणार नाही, इथल्या माणसांवर जरा लक्ष ठेवायला हवं.