तांबोळींचे लॉगिन

तांबोळी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिवसाची यादी लिहीत होते. फोनवर त्यांच्या पत्नी, नसीम वहिनी होत्या. सकाळी चहा घेताना छातीत दुखायला लागले, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे संपले, दुपारी दफन आहे, एवढे त्यांनी सलग सांगितले. मी ‘निघतेच’ म्हटले, फोन ठेवला आणि यादीत तीन कामे वाढवली. आमच्या हडपसरच्या ऑफिसात कळवणे. कसब्यात त्यांच्या घरी जाणे. तिसरे लिहिताना हात थांबला, पण लिहिले... तांबोळींचे लॉगिन बंद करणे. पहिली दोन कामे त्याच दिवशी झाली. तिसरे मी एकोणीस दिवस रोज पुढच्या पानावर उतरवत राहिले.

आमची छोटी कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी वेबसाइट चालवते. रुग्ण तिथे आपला रिपोर्ट पाहतो, डॉक्टर आपल्या रुग्णांचे पाहतात. कोणाला आत घ्यायचे आणि आल्यावर त्याला काय दिसू द्यायचे, ही सारी व्यवस्था तांबोळींची. त्यासाठीची सॉफ्टवेअरची चौकट तयार मिळते, पण नियम आपले आपणच लिहायचे असतात. त्यांची पद्धत ठरलेली होती: आधी सगळे बंद, मग एकेक पान विचार करून उघडायचे. त्यांच्या स्वतःच्या लॉगिनने मात्र सगळेच उघडत असे. ते चुकून कोणाच्या हाती लागले, तर सगळ्या रुग्णांचे रिपोर्ट त्याच्यासमोर. हे मला पक्के माहीत होते, आणि तरीही रोज सकाळी मी तेवढी एक ओळ सोडून बाकीची कामे उरकत होते.

एकत्र कामाच्या अकरा वर्षांत आमचे एकदाच वाजले, तेही माझ्या टापटिपीमुळे. ते दोन दिवस रजेवर होते आणि त्यांची नियमांची यादी मला फारच विस्कळीत वाटली. मी ती अक्षरानुक्रमे लावली. एकही नियम बदलला नाही, नुसता क्रम बदलला. पण ही यादी वरून खाली वाचली जाते आणि लागू पडणारा पहिला नियम सापडला की पुढचे कोणी वाचत नाही. ‘लॅबची पाने सर्वांना खुली’ हा नियम माझ्यामुळे वर गेला आणि ‘लॅबचे रिपोर्ट फक्त लॉगिन केलेल्यांना’ हा त्याच्या खाली. रिपोर्टही लॅबच्या पानांतच येत असल्यामुळे, ज्याच्याकडे दुवा असेल त्याला ते लॉगिनशिवाय दिसू लागले. रजेवरून आल्या आल्या तांबोळींनी नेहमीप्रमाणे परक्या माणसासारखी, लॉगिन न करता, वेबसाइट उघडून पाहिली. मग माझ्या टेबलाशी आले.

“मॅडम, ही यादी तुम्ही लावलीत?”

“हो. किती पसारा होता.”

“छान लावलीत. वाचनालयात चालली असती.”

क्रम त्यांनी पाच मिनिटांत सुधारला. कोणी कधी काय उघडले याच्या नोंदी दिवसभर बसून वाचल्या. परक्या कोणी रिपोर्ट उघडला नव्हता. मला वाटले, सुटले. तर म्हणाले, “आता लॅबच्या डॉक्टरांना फोन करा.” मी म्हटले, कोणी पाहिलेच नाही तर कशाला? “पाहिलं नाही हे आपलं नशीब. दार उघडं होतं हे त्यांना कळायला हवं. चूक तुमची, फोन तुमचा. मी शेजारी बसतो.” ते बसले. डॉक्टर दहा मिनिटे बोलत होते आणि त्यात माझ्या कौतुकाचे काहीच नव्हते. तांबोळी तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले, मध्ये बोलले नाहीत, उठलेही नाहीत.

नोकरी सोडणाऱ्याचे लॉगिन त्याच दिवशी बंद, हा नियमही त्यांचाच. निरोपाचा पेढा समोर आला तरी म्हणायचे, “ठेव बाजूला. आधी लॉगिन.” एका मुलीला ते फार लागले. “सर, माझ्यावर विश्वास नाही का?” तेव्हा म्हणाले, “अगं, आहे म्हणून तर. उद्या इथे काही गडबड झाली तर पहिलं तुझं नाव नको निघायला.” आणि मग पेढा खाल्ला.

विसाव्या दिवशी, रविवारी, मी पुन्हा कसब्यात गेले. गाडी लांब लावून गल्लीतून चालत. वहिनींनी चहा दिला आणि विचारले, “त्यांचं ऑफिसातलं काही राहिलं नाही ना? त्यांना अर्धवट काही आवडायचं नाही.” मी म्हटले, “नाही, सगळं झालं.” इतक्या वर्षांच्या ओळखीत त्या घरात मी पहिल्यांदाच खोटे बोलले.

सोमवारी ऑफिसात पोहोचल्यावर पिशवी खांद्यावरून काढायच्या आधी मी त्यांचे लॉगिन बंद केले. तीन क्लिकचे काम. त्यानंतर वेबसाइट योग्य माणसालाच आत घेते ना, हे तपासणाऱ्या सगळ्या चाचण्या चालवायच्या असतात. त्या तांबोळींनीच लिहिल्या होत्या, पण आतापर्यंत मी नुसता निकाल पाहत आले होते; त्या दिवशी प्रथमच ओळ न् ओळ वाचली. चाचणीसाठी त्यांनी काही खोटी माणसे तयार केली आहेत. एक रुग्ण, एक डॉक्टर, एक परका. शेवटी एक नोकरी सोडून गेलेला, ज्याने आत यायचा प्रयत्न केला तर त्याला अडवलेच पाहिजे. बाकीच्यांना नावे नाहीत. या चौथ्याला आहे: तांबोळी. गेलेला माणूस म्हणून दुसऱ्या कोणाचे नाव घालायला त्यांना बरे वाटले नसावे...

या चाचण्या रोज सकाळी दहाला आपोआप चालतात. तांबोळी येतात, आत जायला बघतात, दार उघडत नाही आणि त्यांच्या नावापुढे हिरवी खूण उमटते. सगळे ठीक आहे, असा तिचा अर्थ. ती दिसली की मी त्या दिवशीची यादी लिहायला घेते.