बोट येईपर्यंत सात-आठ

बोटीची वाट बघणाऱ्या माणसांकडे किस्से फार साठतात. मुंबईची बोट दुपारी येणार म्हणून सांगत आणि ती येई दिवेलागणीला! तोवर रत्नागिरी बंदरावर आम्ही पडाववाले, म्हणजे बोटीचे उतारू होडीतून धक्क्याला आणणारे, काय करणार? सात-आठ खेळणार! म्हणजे बाकीचे खेळत, मी बघत असे. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून मी वल्हं मारत होतो, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी दोर गुंडाळायला उठे.

आमचे तांडेल राघूतात्या. पडाव त्यांचा, पत्ते त्यांचे आणि चंद्रीही त्यांचीच मुलगी. तिला मागणी घालावी असं माझ्या फार मनात होतं. आई म्हणाली, "सख्या, आधी तात्यांच्या समोर बसायला तर शीक!" त्यांच्या समोर बसायची जागा एकच, पत्त्यांची. म्हणून शिकलो!

*

खेळ दोघांचा. हुकूम बोलेल त्याने आठ हात करायचे, दुसऱ्याने सात. जितके हात जास्त होतील तितके पत्ते पुढच्या डावात समोरच्याच्या हातातून न बघता ओढायचे आणि बदली आपल्याला नको ते द्यायचे.

पहिल्यांदाच माझा एक हात जास्त झाला. पत्ता ओढला, तर हुकमाचा एक्का! आता वडील माणसाचा एक्का कसा घ्यायचा? मी तोच परत दिला.

तात्या बघतच राहिले. "मेल्या, हे काय हळदीकुंकवाचं वाण हाय? भीड धरून ओढणार असशील तर घरी बस!"

पुढे कितीतरी दिवस गंगाराम खलाशी मला 'एक्कादाते' म्हणून हाक मारी.

*

भोंगा झाला की पत्ते पालथे करून चिऱ्याखाली ठेवायचे, उतारू आणायचे, मग डाव पुढे चालू. असा नियम. पण गंगारामचा कुणावरच विश्वास नाही! एकदा तो आपले पत्ते मुंडाशात खोचून पडावावर चढला. बोटीच्या शिडीखाली पडाव हेलकावला आणि उतरणाऱ्या एका आजीबाईंनी आधाराला नेमकं त्याचं मुंडासंच धरलं. सगळे पत्ते त्यांच्या ओटीत!

आजींनी एकेक पान निरखून परत दिलं. "असले पत्ते लपवतोस कशाला रे? खुशाल दाखव. कोण चोरतंय!"

*

एकदा वाऱ्याने इस्पिकचा राजा समुद्रात नेला. तात्यांनी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नवा राजा केला. पण त्याची पाठ गुलाबी! लांबूनही ओळखू येई. ओढायची वेळ आली की जो तो गुलाबीवर झडप घाली.

मीही घातली. हातात आली चौकटची अठ्ठी!

"तात्या, राजा?"

"हा काय!" मागे झाकलेलं दुसरं गुलाबी पान तात्यांनी वर काढलं. "पुठ्ठा उरला होता, मेल्या. वाया कशाला घालवू?"

*

पावसाळ्यात बोटी बंद झाल्या आणि डाव तात्यांच्या ओटीवर गेला. त्यातच गंगारामने बातमी आणली, चंद्रीला जयगडचं स्थळ आलंय. आज विचारायचंच, असं ठरवून मी गेलो. पण विचारलं ते पावसाचंच. तात्यांनी नुसतेच पत्ते वाटले.

मागच्या डावात माझा एक हात जास्त झाला होता, म्हणून एक पत्ता ओढायचा होता. तात्यांनी पत्त्यांचा पंखा माझ्यासमोर धरला. त्यांच्या पाठीमागे चंद्री जाळं विणत बसली होती. माझं बोट एका टोकापासून सरकू लागलं. मधोमध आलं आणि चंद्री खोकली!

ओढला. हुकमाचा एक्का!

या वेळी मी तो परत दिला नाही. किलवरची अठ्ठी दिली.

तात्यांनी मान वळवली नाही. "चंद्रे, खोकला कधीपासून गो?"

"शिमग्यापासून, तात्या."

तात्यांनी भोंगा झाल्यासारखे पत्ते पालथे ठेवले.

"सख्या, तुझ्या आयशीला उद्या इकडे पाठव. जयगडची हवा हिला मानवायची नाय."