टाकीतली पुरचुंडी

लक्ष्या माझ्याकडे एकोणीस वर्षं ड्रायव्हर आहे आणि त्याच्या हाती गाडी देऊन मी एक दिवसही बिनघोर झोपलेलो नाही. माझा स्वभावच तसा. डहाणूत चिकूची वाडी राखायची म्हणजे डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. मजूर, व्यापारी, वजनाचा काटा, सगळ्यांवर नजर. माझी बायको आनंदी म्हणते, तात्या देवळात गेले तरी आधी चपलांकडे बघतात, मग देवाकडे. बघतो. चपला जातात, देव कुठे जात नाही.

लक्ष्या रानशेतचा, वारली, पंचेचाळिशीचा. गाडीत बसताना चपला काढून सीटखाली सरकवतो आणि अनवाणी पायानं क्लच दाबतो. का म्हणून विचारलं तर म्हणतो, "पायाला गाडी कळते, शेठ." उंबरगावच्या व्यापाऱ्याशी गुजराती, ट्रकवाल्यांशी हिंदी, माझ्याशी मराठी, आणि फोनवर आईशी त्यांची वारली. चारही भाषांत मोजून चार शब्द. रस्त्यात कोंबडी आडवी आली तर हॉर्न मारणार नाही, ती पलीकडे जाईपर्यंत थांबेल. मला उशीर होतो आणि माझं डोकं फिरतं. पण त्याच्या हातून गाडीवर आजवर ओरखडा उठलेला नाही, हेही खरं. त्याच्या तोंडावर मी हे कधी बोललो नव्हतो.

गाडी जुनी बोलेरो. डिझेल किती आहे ते दाखवणारा काटा कधीच मेला होता, आणि असता तरी त्याचं कोण ऐकणार होतं? मी टाकीला कुलपाचं झाकण बसवून घेतलं होतं. किल्ली माझ्या कडदोऱ्याला. पंपावर मी स्वतः उतरून झाकण उघडणार आणि मीच लावणार. रोज संध्याकाळी गाडी अंगणात लागली की बांबूची लवचीक कामटी टाकीत घालायची, ओल कुठवर चढली ते बघायचं आणि लक्ष्याला हाक मारायची.

"आज बोटभर जास्त गेलं. कुठे गेलं?"

"गाडीनं खाल्लं, शेठ."

मग मी दहा मिनिटं बोलायचो. शिवी देत नसे, पण माझं बोलणं शिवीपेक्षा लागतं असं आनंदी म्हणते. ती ओट्यावर तांदूळ निवडत सगळं ऐकत असायची.

गेल्या वर्षी महालक्ष्मीची जत्रा झाली आणि त्यानंतर गाडी बंद पडायला लागली. तलासरीला माझं कलमांचं दुकान आहे, दर रविवारी तिथे जाणं असतं. डहाणू गावात फिरताना गाडी ठणठणीत. हायवेला लागून विवळवेढ्याच्या आसपास आलो की आचके देऊन बंद. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. एकदा झालं, मी गप्प बसलो. दुसऱ्या रविवारी झालं, मी लक्ष्याच्या पायांकडे बघायला लागलो. तिसऱ्या रविवारी माझी खात्रीच पटली की हा मुद्दाम करतो. ह्याला तिथे थांबायचं असतं, कोणीतरी भेटायचं असतं, काहीतरी शिजतंय. मी गाडीतून उतरून चारी बाजूंना बघितलं. एक म्हैस होती.

चौथ्या खेपेला मागून येणारा कंटेनर जेमतेम वाचवून गेला. मग मात्र मी गाडी तलासरी नाक्यावर मनिष मेकॅनिककडे नेली. त्यानं फिल्टर बघितला, पंप बघितला, शेवटी टाकी खाली उतरवली. डिझेल डब्यात ओतून घेतलं आणि बॅटरी लावून आत डोकावला.

"तात्या, आत काहीतरी आहे."

वाकवलेल्या तारेनं त्यानं ते बाहेर काढलं. आवळ्याएवढी लाल खणाची पुरचुंडी, दोऱ्यानं घट्ट बांधलेली. सोडली तर आत डिझेलनं माखलेले तांदूळ, सुपारीचं खांड आणि हळकुंड. मनिषनं समजावलं की गाडी वेगानं सलग चालली की ही पुरचुंडी ओढीनं पाइपाच्या तोंडाला चिकटते आणि डिझेल अडतं. गाडी थांबली की ओढ सुटते, पुरचुंडी खाली पडते. सरळ हिशोब होता. पण माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मी लक्ष्याकडे बघत होतो. पुरचुंडी बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ओळखतोस ना?" मी म्हटलं.

"नाय, शेठ."

"मग तोंड का उतरलं?"

तो मान वळवून गाडीकडे बघायला लागला. मला तेवढं पुरलं. लक्ष्याची आई भिकीबाय त्यांच्या लग्नांत देवाची गाणी म्हणणारी बाई, तिला मंत्रतंत्र येत असणार असं मी आपलं मनाशी कधीच धरून ठेवलं होतं. जत्रेच्या आठवड्यात ती वाडीवर येऊन गेली होती, गाडीला हात लावून काहीतरी पुटपुटलीही होती. झाकणाला कुलूप होतं, पण एकोणीस वर्षांत एक चोरकिल्ली करायला किती वेळ लागतो? मी तिथेच, मनिषच्या गिऱ्हाइकांसमोर, म्हणालो, "तुझ्या आईनं माझ्या गाडीवर करणी केली. चावी ठेव आणि चालता हो." त्यानं सीटखालून चपला काढल्या, पायात घातल्या आणि तो निघून गेला.

बोललेलं नाक्यावर राहत नाही. शेजारच्या वाडीचा जतीन त्याला ठेवून घेणार होता, त्यानं माझ्या बोलण्यावर नकार दिला. घरी मी आनंदीला फक्त डिझेलचोरी सांगितली, करणीचं ऐकून ती घाबरेल म्हणून. ती माझ्याशी दोन आठवडे धड बोलली नाही. मग एका दुपारी कामाला येणारी भारती तिला काहीतरी सांगून गेली आणि आनंदी तरातरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"रानशेतला लोक भिकीला पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते. पोरंबाळं तिच्या वाटेतून बाजूला ओढत होते. काय सांगितलंत तुम्ही त्या नाक्यावर?"

मी सांगितलं. पुरावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पुरचुंडीही दाखवली. तिनं ती हातात घेतली आणि कापड उलगडून बघितलं.

"हा माझा खण आहे. मी टाकली ही."

मी पुरचुंडी तिच्या हातातून परत घेऊन उजेडात धरली.

"आमच्याकडे नवं भात कणगीत भरताना तळाशी अशी पुरचुंडी ठेवतात. भरल्याला उणं पडू नये म्हणून. तुमची कामटी रोज उणं दाखवायची आणि रोज त्या माणसाचा उद्धार व्हायचा. मला ऐकवत नव्हतं. म्हटलं, टाकी तरी काय, कणगीच ना. तुम्ही आंघोळीला जाताना किल्ली खुंटीला लावता, तेव्हा घेतली. एवढ्याशा कापडानं इंजिन बंद पडतं हे मला काय माहीत?"

"मग लक्ष्याचा चेहरा का पडला?"

"जत्रेत मी दोन खण घेतले होते, एकाच ठाणातले. एक मला आणि एक भिकीला. गाडीत त्याच्यासमोर दिला होता."

त्याच दिवशी आम्ही दोघं रानशेतला गेलो. लक्ष्या एका ढोबळी मिरचीच्या शेडमध्ये मजुरी करत होता. आयुष्यात कोणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे मला ती नीट मागताही आली नाही. जे सांगायचं ते आनंदीनंच सांगितलं. तो ऐकत होता. तिचं बोलणं संपल्यावर तो मिरचीच्या ओळीतच बसला.

"म्हणजे आयनं नव्हती टाकली."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"मला वाटलं तिनंच टाकली," तो खाली बघत म्हणाला. "मला तुम्ही बोलता म्हणून तिचा जीव जळायचा. घरी गेलो नि तिची पेटी उघडली. खण नव्हता. ती म्हणाली, एका पोरीच्या लग्नात दिला. कोणत्या पोरीच्या? तिला नाव आठवेना. मग मी रोज विचारलं. तुमच्यासारखंच विचारलं, शेठ. कुठे गेला, कुठे गेला. तिच्या हातचं खायचं सोडलं. नवव्या दिवशी तिनं गाठोडं उचललं आणि तलासरीला सोमीकडे गेली."

सोमी ही त्याची बहीण. आम्ही तिघं तसेच तिच्या घरी गेलो. भिकीबाय अंगणात सूप घेऊन बसली होती. आनंदी तिचे हात धरून रडली. मी जे काही पुटपुटलो ते ऐकून म्हातारी चक्क हसली. "तुमचा काय शेठ, तुम्ही तर झाडावरचे चिकू पण मोजता." मग तिनं आम्हाला चहा केला. लक्ष्या कुडाजवळ उभा होता.

"आय, चल घरी," तो म्हणाला.

सूप पुन्हा हाती घेत ती म्हणाली, "पेटी उघडीच ठेवून आलीय तिथे. बघ, अजून काय गेलंय का."

पुढं मी रानशेतला जाऊन चार लोकांत सगळं सांगितलं, आनंदीलाही सोबत नेलं. लोकांनी मानलं. काहींनी तोंडदेखलं मानलं असेल. लक्ष्या पुन्हा माझ्याकडे कामावर आला.

रविवारी तलासरीला गेलो की आम्ही सोमीच्या दारात थांबतो. भिकीबाय मला चहा देते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. लक्ष्या गाडीतच बसून राहतो. परवा मी तिला म्हटलं, "चूक माझी. शिक्षा त्याला का?"

"तुम्ही परके," ती म्हणाली. "परक्याचा संशय दारातच झटकून टाकता येतो. त्यानं तो घरात आणला. मी आता त्या घरात नाय जाणार, शेठ. मरेपर्यंत नाय."

तिनं माझ्या हातातला कप घेतला आणि ती आत गेली. मी गाडीत येऊन बसलो. लक्ष्यानं रस्त्याकडे बघतच विचारलं, "काय म्हणाली?"

"येईल म्हणाली. पाऊस सरला की."

त्याला ते खरं वाटलं. त्यानं मान हलवली आणि गाडी सुरू केली.